क्लिअरचा शेवटचा हात

१

पत्र्यावर रंग सरळ बसत नाही. आधी पत्रा थिनरनं पुसून घ्यायचा, मग बारीक वॉटर पेपर मारून त्याची चकाकी घालवायची, मग प्रायमर. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. लोखंडी कपाटं, पंख्यांची पाती, यंत्रांची झाकणं रोज माझ्यासमोरून रंगून जातात. घरी हातभर लांबीची एक छोटी गाडी रंगवणं हे माझ्या दृष्टीनं काम नव्हतंच.

गाडी माझ्या मुलानं केलेली. मल्हारी एका कारखानदाराच्या फियाटवर ड्रायव्हर होता. दिवसभर जी गाडी चालवायची, तीच घरी येऊन तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून ठोकत बसायचा. बॉनेटची गोलाई, मागच्या दिव्यांखालचा बाक, सगळं नुसत्या नजरेनं मोजून आणलेलं. त्याची एकच गोष्ट मला पटली नव्हती. काचा रंगानंतर बसवतात. त्यानं त्या आधीच बसवल्या, फोटोच्या काचेचे चार तुकडे कापून, पुढं, मागं आणि दोन्ही बाजूंना एकेक, आतून चिकटवून. वर खालचा पत्राही कथलानं झाळून बंद करून टाकला. आत काही केलंच नव्हतं. उघडं राहिलं होतं ते फक्त मागं, सायलेन्सरच्या नळीसाठी पाडलेलं सुईएवढं भोक.

"अरे, रंग मारताना काचा खराब होतील," मी म्हणालो होतो.

"टेप लावा की बाबा. तुमचं तर कामच ते. आणि बाटलीचा हिरवा मारा बरं का. मालकाच्या गाडीसारखा राखाडी नको. राखाडी म्हशीला शोभतो."

मल्हारी बाविसाव्या वर्षी गेला. त्याला वर्ष होत आलं, तेव्हा माझ्या बायकोनं, सत्यभामानं, ती गाडी माळ्यावरून काढून माझ्यापुढं ठेवली.

"वर्षश्राद्धाच्या आत रंगवून द्या," ती म्हणाली. "फोटोपाशी ठेवू."

वर्षभरात तिनं आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी समोर बसलो तर ती जेवायची, विचारलं तर बोलायची. मुलगा गेला होता, ते तर झालंच होतं. पण त्याच्यामागून हीसुद्धा थोडी थोडी निघून चालली आहे, ही धास्ती मला रोजची होती. मी लगेच हो म्हणालो.

२

आम्ही सिडकोच्या नव्या घरांत राहतो. आजूबाजूला अजून रिकामे प्लॉट आहेत. वारा सुटला की धूळ थेट स्वयंपाकघरात येते. रंगकामासाठी मी मागची खोली निवडली. तिला एक खिडकी आणि वर एक झरोका आहे. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते. प्रायमर चांगला धरला. ठोके पडले होते तिथं पुट्टी भरली, घासली, पुन्हा प्रायमर मारला आणि गाडी अंगणात उन्हाला ठेवली.

त्याच दिवशी माझी मोठी बहीण बानाबाई आली. फुलंब्रीकडच्या आमच्या गावी तिचं घर आहे. तिच्या घरी अजून मेंढरं आहेत. एस.टी.तून उतरून चालत आली होती, तरी पाणी प्यायच्या आधी तिचं लक्ष गाडीकडं गेलं.

"हे काय मांडलंस?"

"मल्हारीची गाडी, आक्का. रंगवतोय."

"गाडी रंगवाया येळ हाय. टाक कराया नाय व्हय?"

आमच्यात लग्न न होता गेलेल्या माणसाचा टाक करतात. सोनार चांदीच्या पातळ पत्र्यावर माणसाची आकृती उठवून देतो. तो टाक घरी आणायचा, उंबऱ्यावर त्या माणसाला नावानं हाक मारून आत घ्यायचा आणि देवघरात देवांशेजारी बसवायचा. म्हणजे त्याला जागा मिळते, तो फिरत राहत नाही. मी डिप्लोमा केलेला माणूस. आक्कानं हा विषय चार वेळा काढला होता आणि चारही वेळा मी टाळला होता.

"आक्का, मी हे मानत नाही."

"तू नको मानू. तुला कुठं बसायचंय त्यात?"

सत्यभामा हसली. पदर तोंडाला लावून का होईना, पण हसली.

आक्काला तेवढंच पाहिजे होतं. "लेकरानं उभं कुठं ऱ्हावं, सांग. बसस्टँडावर? तिथं बी लई गर्दी असती बाबा."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी गाडी उचलून आत आणत होतो. सत्यभामा उंबऱ्याशी उभी होती. मी पाय आत टाकला तशी ती गाडीकडं बघून म्हणाली, "मल्हारी, ये रे घरात."

मला वाटलं, आक्काचं बोलणं तिच्या मनात बसलं असेल. एवढ्यानं तिला बरं वाटत असेल तर वाटू दे. गाडी मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

३

हिरव्या रंगाचे हात एका रविवारी सकाळी मारले. रंग फवारायची गन आणि कंप्रेसर कडुबानं आणून दिला होता, त्याच्या मेव्हण्याच्या गॅरेजमधला. कडुबा आमच्याच पेंट शॉपमध्ये दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आहे. आम्ही एकाच वर्षी लागलो. तरी तो मला साहेब म्हणतो, चिडवायला.

"साहेब, गन जरा लांबून. ते कपाट नाय, दोन फटक्यांत ओघळ येतील."

"तू मला शिकव आता."

"फुकट शिकवतोय, घ्या की."

रंग झकास बसला. एकही ओघळ नाही, एकही कण नाही. जेवून आम्ही परत खोलीत आलो. टपावर, ड्रायव्हरच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा पांढुरका डाग होता.

आम्हा दोघांनाही तो नवा नव्हता. लॅकर मारताना हवेत ओल असली की रंगाचा थर, म्हणजे कोट, दुधाळतो. पावसाळ्यात कारखान्यात हे रोजचंच आहे. पण हा नोव्हेंबरचा शेवट होता. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते.

"कंप्रेसरमधून पाणी आलं असंल," कडुबा म्हणाला.

टाकीच्या बुडाचा नळ उघडून पाहिला. आत पाणी नव्हतं. मग त्यानं थिनरवर संशय घेतला, मी झरोक्यावर. शेवटी डाग घासून काढला, हवा गाळून घेतली, भारी थिनर वापरला, झरोक्याला पुठ्ठा लावला आणि पुन्हा हात मारला. या वेळी आम्ही जेवायला गेलो नाही. तिथंच बसून राहिलो.

डाग परत आला. त्याच जागी. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो थोडा लहान झाला, मग थोडा मोठा झाला.

"वाळताना होतं असं," मी म्हणालो.

कडुबानं गनची नळी सोडवली आणि गुंडाळायला घेतली. "मी बाहेर बसतो. वास चढलाय," तो म्हणाला. सतरा वर्षं थिनरच्या वासात उभा राहिलेला माणूस. मी बाहेर गेलो तेव्हा तो चपला घालून फाटकाशी उभा होता.

"साहेब, आमच्यात ते टाक-बिक काय नाय. बाबासाहेबांनी सोडवलं त्यातून," तो म्हणाला. "म्हणून मी काय बोलत नाय. पण ती गाडी मी परत रंगवणार नाय."

४

मल्हारी कसा गेला ते इथं सांगायला हवं.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात नामांतराचे मोर्चे औरंगाबादकडं निघाले होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणारे आणि देऊ नका म्हणणारे, दोन्हीकडून शहर तापलेलं होतं. जागोजागी नाकाबंदी होती. मल्हारी मालकाला जालन्यात सोडून रिकामी फियाट घेऊन परत येत होता. करमाडच्या अलीकडं वाहनं अडवली, ती रात्रभर तशीच उभी राहिली. थंडी फार होती. कोणी दगड मारील म्हणून सगळ्यांनी काचा वर घेतल्या होत्या. चहाच्या टपरीवरून त्यानं डालड्याच्या डब्यात निखारे मागून आणले आणि डबा सीटखाली ठेवला. बंद गाडीत निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. माणसाला झोप लागते.

उजाडल्यावर निरोप आला आणि मी गेलो. गाडीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. दार मीच उघडलं.

कोणाचा दोष नव्हता. कडुबा त्या मोर्चात होता. त्या दिवशी तो अटकेत होता. सुटून आल्यावर तो सरळ माझ्या घरी आला आणि दिवसभर अंगणात बसून राहिला. नामांतर व्हायला पाहिजे असं माझंही मत होतं, अजूनही आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक असल्यामुळंच मी स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. ज्याच्या मनात पांढऱ्या काचा आहेत, त्याला पांढरं दिसणारच. कडुबाचंही तेच. मी स्वतःला असं समजावलं आणि गाडीच्या काचांवरची टेप काढायला बसलो.

तीन काचा स्वच्छ होत्या. चौथी, ड्रायव्हरच्या बाजूची, आतून पांढरी झाली होती. मी कापड फिरवलं. बाहेरून काही पुसलं गेलं नाही. गाडी खिडकीशी उजेडात नेऊन धरली. पांढरेपणा काचेच्या खालच्या कडेपर्यंत आला, ओसरला, पुन्हा आला. मी माझा श्वास रोखून धरला. पांढरं येणं-जाणं चालूच राहिलं. फार सावकाश. झोपलेल्या माणसासारखं.

गाडी मी हळूच खाली ठेवली. चिकट सोल्युशन आत पूर्ण वाळलं नसेल, त्याची वाफ धरत असेल, असा विचार मी केला. वर्षभरापूर्वी लावलेलं सोल्युशन.

५

तरी मी काम थांबवलं नाही, कारण सत्यभामा परत आली होती.

दुसरा शब्द मला सुचत नाही. ती सकाळी उठून केस विंचरू लागली. गुलमंडीवर जाऊन फोटोखाली घालायला मखमलीचा तुकडा आणला आणि दुकानदाराशी घासाघीस कशी केली ते मला रंगवून सांगितलं. एक दिवस मेथीची भाजी केली आणि स्वतः दोनदा वाढून घेतली. मी कारखान्यातून आलो की ती विचारायची, "आज मारणार का हात?" मी मागच्या खोलीत असलो की ती दारात बसून भाजी निवडायची. जे येतं-जातं ते काचेवर येऊ-जाऊ दे, मी ठरवलं. ती जेवतेय.

हिरव्यावर आता क्लिअर मारायचा होता. क्लिअर म्हणजे बिनरंगाचा लॅकर. तो रंगाला चमक देतो. शिवाय पत्र्याच्या सांध्यांत, झाळलेल्या ठिकाणी जी बारीक छिद्रं राहिलेली असतात, ती तो भरून काढतो. आमच्या धंद्यात त्यासाठीच त्याला मान आहे. पाणी आत जात नाही, हवा आत जात नाही.

पहिला हात मारला त्या दिवशी सत्यभामाला दोन पायऱ्या चढून धाप लागली. मी लक्ष दिलं नाही. दुसरा हात मारला आणि ती भाकरी थापताना मध्येच थांबून काठवटीला धरून उभी राहिली. डॉक्टरांना दाखवलं. छाती साफ आहे, म्हणाले. रंगाच्या वासापासून लांब ठेवा. मी तिला मागच्या खोलीकडं यायला मनाई केली. ती हो म्हणाली.

तिसऱ्या हाताच्या आदल्या दिवशी मी पाळी सुटल्यावर नेहमीपेक्षा लवकर घरी आलो. पुढचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात ती नव्हती.

मागच्या खोलीत ती जमिनीवर ओणवी झाली होती. गाडी पाटावर होती. सायलेन्सरचं भोक क्लिअरनं बुजत आलं होतं. ते तिनं सुईनं कोरून मोकळं केलं होतं. सुई शेजारी पडली होती. तिनं ओठ त्या भोकाला लावले होते आणि ती आत फुंकत होती. लहान मुलाच्या डोळ्यात गेलेला कण काढताना बायका फुंकतात तशी, हळू आणि लांब. ती थांबली की चौथी काच पांढरी व्हायची. मग ती स्वतः श्वास घ्यायची, आणि तो तिला पुरायचा नाही.

"सत्यभामा."

तिनं वळून पाहिलं. चेहरा घामानं डबडबला होता, ओठ निळसर पडले होते. तरी इतकी शांत मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

"तुम्ही बंद करत चाललाय ना सगळीकडून," ती म्हणाली. "त्याला पुरत नाही हो आता."

६

मी आक्काला बोलावून घेतलं. डिप्लोमा झालेल्या माणसानं मेंढरामागं जन्म काढलेल्या बहिणीला बोलावलं, यावर हसायचं असेल त्यानं हसावं. दुसरं कोण होतं?

आक्कानं गाडीला हात लावला नाही. मागच्या खोलीच्या दारातून ती बराच वेळ बघत राहिली. मग मला अंगणात घेऊन आली.

"हाक कोणी मारली त्याला? उंबऱ्यावर?"

"सत्यभामानं."

"आन् तू आणून बसवलंस."

"मी फक्त गाडी आत आणली, आक्का."

"तेच की रं." ती दगडावर बसली. आज ती चेष्टा करत नव्हती. "टाक कधी उलटा करून बघितलास का? मागून बघितलास? सोनार मागं लाख भरतो. आकृती उठवली की मागं खळगा ऱ्हातो, तो वितळल्या लाखेनं भरून काढतो, सपाट करतो. पोकळ टाक कोणी घरात घेत नाय. टाकावर बसायचं असतं, आत बसायचं नसतं. आत जागा मिळाली की माणूस पुन्हा जगाया बघतो. आन् जगायचं म्हटलं की त्याला समदं लागतं. आधी श्वास."

"मग आता?"

"भरून टाक. लाख वितळव आन् भर. एवढीशी पण जागा ठिवू नको. मग तो आत नाय, वर बसंल. शांत बसंल. नायतर ही जाती बघ तुझी."

संध्याकाळच्या एस.टी.नं ती परत गेली. जाताना सत्यभामाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सत्यभामाला तेवढा वेळ बसून राहणंही जड जात होतं.

सोन्याचांदीच्या दुकानांच्या बाजूला सुटी लाख मिळते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी ती घेऊन आलो.

७

सत्यभामा पुढच्या खोलीत पडून होती. मी स्टोव्हवर भांड्यात लाख ठेवली. ती मऊ व्हायला वेळ लागतो. तोवर गाडीच्या बुडाला मोठं भोक पाडायचं, तिथून ओतायचं. हातड्रिल घेऊन मी पाटाशी बसलो. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन येत होतं. शेजारच्या प्लॉटवर गवंडी विटा भिजवत होते, पाण्याचा आवाज येत होता. गाडी फार सुंदर दिसत होती. क्लिअरचे दोन हात बसले होते, तिसऱ्याची गरज होती. हिरव्या टपात खिडकीचे गज दिसत होते, माझं डोकं दिसत होतं.

मी ती उलटी करायला हात घातला, आणि चौथ्या काचेवरचा पांढरेपणा पुसला गेला.

ओसरला नाही. पुसला गेला. आतून, तिरका, डाळीच्या दाण्याएवढा.

कोटातले दोष बघायला मी एक भिंग वापरतो. ते खिशातच होतं. मी ते डोळ्याला लावलं आणि त्या मोकळ्या जागेतून आत पाहिलं.

आत जे दिसलं ते लहान नव्हतं. मल्हारीच्या किरमिजी स्वेटरची बाही होती, कोपराशी विणीचा रंग किंचित वेगळा, कारण लोकर संपली आणि सत्यभामाला तशीच मिळाली नाही. त्या बाहीच्या टोकाला हात होता. हात दाराच्या आतल्या अंगावर गोल गोल फिरत होता, चाचपत, न थांबता. काच खाली करायचं हँडल जिथं असतं तिथं. मल्हारीनं ते केलं नव्हतं. तिथं नुसता पत्रा होता. हाताच्या पलीकडं, समोरच्या काचेतून, माझ्या खोलीची भिंत दिसायला हवी होती. तिथं काळोख होता, आणि काळोखात एकामागं एक उभ्या गाड्यांचे तांबडे दिवे.

मी भिंग काढलं. काच पुन्हा पांढरी होऊ लागली होती.

"दिसला का?" सत्यभामा दारात भिंतीला धरून उभी होती. स्टोव्हवरच्या लाखेचा वास घरभर झाला होता. तिनं भांड्याकडं पाहिलं, ड्रिलकडं पाहिलं.

"त्याला काच खाली करायचीय," मी म्हणालो. माझा आवाज ठीक होता. "मी कापतो काच. दार कापतो. उघडतो."

"नका."

"अगं, तो आत—"

"त्या दिवशी उघडलंत ना तुम्ही दार?" ती मधून मधून थांबत बोलत होती, तिला श्वास पुरत नव्हता. "काय निघालं आत?"

मी भिंग खिशात ठेवलं.

"तुम्ही उघडेपर्यंत तो होता आत. मी रोज तेच म्हणते मनात. उघडेपर्यंत होता." ती खाली बसली. "तुमच्या पाया पडते. उघडू नका आणि बुजवूही नका. मी आहे ना. मला जमतंय."

तिला जमत नव्हतं, ते समोर दिसत होतं. नखं निळी पडली होती. मी तिच्याकडं पाहिलं आणि गाडीकडं पाहिलं. एकाला ठेवलं तर दुसरं जाणार होतं. लाख तयार होती. आक्कानं सांगितलेलं सगळं मला पटलं होतं, आणि माझ्या बुद्धीला जे पटतं ते मी आयुष्यभर केलं आहे.

मी उठून स्टोव्ह बंद केला. परत येऊन पाटाशी गुडघ्यांवर बसलो. ओठ त्या भोकाला लावले. क्लिअर गुळगुळीत आणि थंड लागला. मी फुंकलं. छातीत होतं तेवढं सगळं.

काच पांढरी झाली. सत्यभामानं दारात बसल्या बसल्या एक लांब श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी मी तिचा पूर्ण श्वास ऐकला.

वर्षश्राद्ध पार पडलं. गाडी फोटोपाशी मखमलीवर आहे. आक्कानं विचारलं, "भरली का?" मी म्हणालो, भरली. तिनं माझ्या तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहिलं, मग पंगतीत वाढायला गेली. कडुबाही आला होता. लांबून, अंगणातूनच त्यानं नजर टाकली.

"साहेब, क्लिअरचा शेवटचा हात राहिला की."

"राहू दे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली.

सत्यभामाची तब्येत आता बरी आहे. बाजारात जाते, भांडते, जेवते. मला कारखान्याचा जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. पेंट शॉपमधल्या माणसाला ते व्हायचंच, असं सगळे म्हणतात. आम्ही काम वाटून घेतलं आहे. सकाळची पाळी तिची, मी कामावरून आलो की दुसरी माझी. रात्रपाळीला माणूस नाही. दोघांनाही झोप लागते, वय झालं आहे.

त्यामुळं पहाटे उठलो की मी तोंडही न धुता आधी फोटोपाशी जातो. त्या वेळी काच अगदी स्वच्छ असते, आत काहीच दिसत नाही. मी ओठ लावतो, फुंकतो आणि वाट बघत बसतो. सत्यभामा मागं येऊन उभी राहते. अजून तरी रोज काच पांढरी होते. पण पूर्वीपेक्षा वेळ लागतो, आणि आज सकाळी मला दोनदा फुंकावं लागलं.